‘या वयात आता कशाला?’

वसईच्या पश्चिमेकडील वाड्यांमध्ये कामाचा दिवस सूर्य उगवण्याआधीच सुरू होतो. निर्मळ, गास, भुईगाव, आगाशी या बाजूची फुले आणि भाजी पहाटेच्या लोकलने मुंबईला जाते, आणि त्या टोपल्या उचलून डब्यात चढणाऱ्यांत स्त्रियाही असतात. अशाच एका घरातील ६७ वर्षांच्या आजींची कल्पना करू या. अंघोळ करताना डाव्या स्तनात त्यांच्या हाताला सुपारीएवढी गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून महिनाभर त्या कोणाला बोलल्या नाहीत. पुढे सुनेच्या लक्षात आले, तपासण्या झाल्या, आणि सुईने काढलेल्या तुकड्याचा अहवाल हाती पडला. स्तनाचा कर्करोग होता, पण सुरुवातीच्या अवस्थेतला.

डॉक्टरांसमोर बसल्यावर मुलगा म्हणाला, ‘‘काढूनच टाका, डॉक्टर. मागे घोर नको.’’ सुनेने स्तनाच्या पुनर्रचनेविषयी विचारले, तेव्हा आजींचे धाकटे दीर मध्येच म्हणाले, ‘‘या वयात आता कशाला?’’ आजी गप्प होत्या. निघता निघता त्यांनी एकच विचारले, ‘‘डॉक्टर, माझा हा हात टोपली उचलेल ना?’’

प्रसंग कल्पित आहे. त्यातील पेच मात्र खरा आहे. खोलीतील प्रत्येक जण आजींच्या भल्याचाच विचार करीत होता, पण प्रत्येकाने आपल्या मनातील भीतीला उत्तर दिले. आजींच्या मनातील प्रश्न वेगळाच होता, आणि वैद्यकीयदृष्ट्या तो सर्वांत नेमका होता. सुरुवातीच्या अवस्थेत बहुतेक स्त्रियांपुढे एकापेक्षा अधिक सुरक्षित मार्ग असतात. त्यांतून निवड करताना त्या स्त्रीचे जगणे, तिचे काम आणि तिची इच्छा यांना निर्णायक स्थान असते. म्हणूनच ही निवड कशी करावी आणि तीत घरच्यांनी कोठे उभे राहावे, हे पाहू.

घाई किती, सवड किती

‘कर्करोग’ हा शब्द ऐकला की घरात पळापळ होते. उद्याच शस्त्रक्रिया व्हावी असे वाटते. पण गाठ हाताला लागेपर्यंत ती शरीरात बहुधा कित्येक महिने किंवा वर्षे वाढत आलेली असते. निदानानंतर दोन-तीन आठवडे नीट तपासण्या करण्यात, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात आणि विचार करण्यात गेले, तर सामान्यतः नुकसान होत नाही. नुकसान होते ते महिनोन्‌महिने टाळण्याने, ‘आधी झाडपाला घेऊन बघू’ असे म्हणण्याने, किंवा लग्नसराई उरकेपर्यंत गोष्ट दडवून ठेवण्याने.

या आठवड्यांत तीन गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात. पहिली, गाठीचा आकार आणि काखेतील लसिका ग्रंथींची स्थिती. त्यासाठी दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करतात. दुसरी, जाड सुईने काढलेल्या तुकड्याची बायोप्सी. सुई टोचल्याने रोग पसरतो, हा समज निराधार आहे. उलट बायोप्सी न करता घाईने गाठ कापून काढली, तर पुढील उपचारांची आखणी अवघड होऊन बसते. तिसरी, ईआर, पीआर आणि हर-टू या घटकांची चाचणी. गाठ संप्रेरकांवर पोसली जाते काय आणि कोणती औषधे तिला लागू पडतील, हे त्यावरून कळते. काही वेळा आधी औषधोपचार करून गाठ लहान केली जाते, आणि जो स्तन काढावा लागला असता तो राखता येतो.

गाठ लवकर सापडली तरच अशी निवड शक्य होते. १९९८ साली मुंबईत सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे दीड लाख स्त्रिया सहभागी होत्या. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनांची तपासणी केली असता, पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी आढळले. टाटा स्मारक केंद्राच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. साठी-सत्तरीच्या स्त्रियांनी ‘आता आपल्याला काय होतंय’ असे म्हणून तपासणी टाळू नये, इतका बोध त्यातून नक्कीच घ्यावा.

दोन वाटा, आयुष्य तेवढेच

‘काढूनच टाका’ या वाक्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी असे सर्व एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली. जितके अधिक कापावे तितका रोगी सुरक्षित, अशी त्यामागची समजूत होती. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीने पाहिलेल्या खोलगट छाती आणि सुजलेले हात त्या काळाचे होते.

पुढे दोन शल्यविशारदांनी ही समजूत कसोटीला लावली. इटलीत मिलान येथे उम्बर्तो व्हेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांचा, तर अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १,८५१ स्त्रियांचा अभ्यास केला. काही स्त्रियांचा पूर्ण स्तन काढला. काहींचा स्तन राखून केवळ गाठ व भोवतालचा भाग काढला, आणि उरलेल्या स्तनाला किरणोपचार दिले. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ साली दोन्ही अभ्यासांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक नव्हता.

एक फरक मात्र होता, आणि तो लपवू नये. राखलेल्या स्तनात रोग पुन्हा उद्‌भवण्याची शक्यता थोडी अधिक असते. मिलानच्या अभ्यासात वीस वर्षांत स्तन राखलेल्या शंभरांपैकी सुमारे ९ स्त्रियांत, तर स्तन काढलेल्या शंभरांपैकी सुमारे २ स्त्रियांत त्याच जागी रोग परतला. परतलेल्या रोगावर पुन्हा शस्त्रक्रिया करता आली आणि मृत्यूंचे प्रमाण सारखेच राहिले. त्या काळापेक्षा आज औषधे आणि किरणोपचार दोन्ही सुधारले आहेत. तेव्हा ‘पूर्ण काढले की निर्धास्त’ हेही पूर्ण सत्य नाही, आणि ‘राखला म्हणजे धोका पत्करला’ हेही नाही.

काही परिस्थितींत मात्र पूर्ण स्तन काढणेच, म्हणजे मॅस्टेक्टॉमी, हितावह ठरते. एकाच स्तनात वेगवेगळ्या भागांत गाठी असणे, स्तनाच्या मानाने गाठ मोठी असणे, त्याच बाजूला पूर्वी किरणोपचार झालेले असणे, अथवा पुन्हा कापूनही कडेच्या भागात रोगाच्या पेशी सापडणे, ही त्यांतील मुख्य कारणे. घराण्यात आई, बहीण, मावशी, आत्या अशा अनेकींना स्तनाचा किंवा बीजांडाचा कर्करोग झालेला असेल, तर जनुकीय चाचणीविषयी विचारावे. २०१३ साली अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी दोन्ही स्तन काढून पुनर्रचना केल्याचे जाहीर केले, तेव्हा अनेकींना तोच मार्ग योग्य वाटू लागला. त्यांना कर्करोग झालेला नव्हता. बीआरसीए-१ या जनुकातील दोषामुळे त्यांनी तो निर्णय घेतला होता. असा दोष नसताना निरोगी स्तनही काढल्याने आयुष्य वाढते, असे दिसलेले नाही.

मुंबईतून आलेल्या एका अभ्यासाचा उल्लेख येथे आवश्यक आहे, कारण तो दोन्ही वाटांना लागू आहे. टाटा रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांवर केलेला हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन या भुलीच्या साध्या औषधाची सुई दिली असता, पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. औषध स्वस्त आहे. आपल्या शल्यविशारदांना त्याविषयी अवश्य विचारावे.

विरारची लोकल आणि किरणोपचार

कागदावर दोन्ही वाटा सारख्या असल्या, तरी वसई-विरारच्या माणसाला त्या सारख्या नसतात. परळचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, आणि आजही ‘कॅन्सर’ म्हटले की पश्चिम रेल्वेच्या या टोकाच्या माणसाला परळच आठवते. स्तन राखायचा तर किरणोपचार आलेच, आणि ते सुटीचे दिवस वगळता रोज घ्यायचे असतात. विरारहून दादर-प्रभादेवीपर्यंतचा गर्दीचा प्रवास, ओली जखम, काखेजवळ लागणारे धक्के आणि सोबत येणाऱ्याची बुडणारी रोजी यांचा हिशेब करून ‘त्यापेक्षा काढूनच टाकू’ असे कुटुंबे ठरवतात. हे कारण क्षुल्लक नाही. पण ते जुन्या माहितीवर आधारलेले नसावे.

पूर्वी किरणोपचार पाच आठवडे चालत. ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासांनंतर तीन आठवड्यांत १५ वेळा, ही पद्धत रूढ झाली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानंतर निवडक रुग्णांना एका आठवड्यात पाच वेळाही देतात. आणि ६५ वर्षांपुढील काही स्त्रियांना तर किरणोपचार टाळताही येतात. ‘प्राइम-टू’ नावाच्या अभ्यासात ६५ वर्षांच्या व त्याहून मोठ्या १,३२६ स्त्रिया होत्या. त्यांची गाठ तीन सेंटिमीटरपर्यंतची, संप्रेरकांवर पोसणारी आणि काखेत न पसरलेली होती. स्तन राखून शस्त्रक्रिया केल्यावर सर्वांना संप्रेरकरोधक गोळ्या सुचवल्या होत्या. दहा वर्षांनी, किरणोपचार न घेतलेल्यांपैकी ९.५ टक्के स्त्रियांत आणि घेतलेल्यांपैकी ०.९ टक्के स्त्रियांत त्याच स्तनात रोग परतला. पण जगण्याचे प्रमाण दोन्हीकडे सुमारे ८१ टक्केच होते. गोळ्या पाच वर्षे नेमाने घेण्याची तयारी असलेल्या आजींसाठी ही माहिती फार मोलाची आहे.

आणखी एक गोष्ट. मॅस्टेक्टॉमी केली म्हणजे किरणोपचार टळलेच, असेही नाही. काखेतील ग्रंथींत रोग पोचलेला असेल किंवा गाठ मोठी असेल, तर स्तन काढल्यावरही ते द्यावे लागू शकतात. तेव्हा केवळ प्रवास चुकवण्यासाठी स्तन काढायचे ठरत असेल, तर आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : ‘‘काढल्यावर किरणोपचार नक्की टळतील का?’’

रोजच्या प्रवासासाठी दोन सूचना. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो. रुग्णालयाचे कागद जवळ ठेवावेत. आणि किरणोपचाराची वेळ ठरवताना दुपारची वेळ मागून पाहावी, म्हणजे जाताना व येताना दोन्ही बाजूंची गर्दी चुकते.

टोपली उचलणारा हात

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. पुढील आयुष्यात हात कसा चालेल, हे स्तन राखला की काढला यापेक्षा काखेत काय केले यावर अधिक अवलंबून असते. काखेतील बहुतेक ग्रंथी काढल्या, तर हातातील लसिकाद्रवाच्या वाटा तुटतात आणि काही स्त्रियांचा हात कायमचा सुजतो. डॉक्टर त्याला लिम्फेडेमा म्हणतात. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार काख पूर्ण साफ केलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे २० जणींना, तर केवळ पहिल्या काही ग्रंथी काढून तपासलेल्या शंभरांपैकी सुमारे ६ जणींना अशी सूज आली.

ही दुसरी पद्धत म्हणजे सेंटिनेल नोड बायोप्सी. स्तनात निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून, लसिकाद्रव प्रथम ज्या ग्रंथींत पोचतो त्या शोधतात व तपासतात. त्यांत रोग नसेल, तर बाकीच्या ग्रंथी जागेवर ठेवता येतात. सुरुवातीच्या अवस्थेतील, काखेत गाठ न लागणाऱ्या रुग्णाने ‘‘माझ्या काखेत तुम्ही नेमके काय करणार?’’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. शेतात राबणारी, मासळी विकणारी, पाणी भरणारी, नातवाला कडेवर घेणारी अशा प्रत्येकीसाठी त्याचे उत्तर महत्त्वाचे आहे.

शस्त्रक्रियेनंतर हात जपून निकामी करू नये. फिजिओथेरपिस्टने सांगितलेले हात वर करण्याचे, भिंतीवर बोटे चालवत नेण्याचे व्यायाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून हळूहळू सुरू होतात. ते टाळल्यास खांदा आखडतो. ‘आईला काही करू देऊ नका’ ही माया येथे अपायकारक ठरते. वजन उचलणे डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोड्यापासून वाढवत न्यावे.

पुनर्रचना : हौस नव्हे, सक्तीही नव्हे

स्तन काढल्यावर त्या जागी नवा आकार देण्याच्या शस्त्रक्रियेला पुनर्रचना म्हणतात. ती त्याच वेळी करता येते, किंवा सर्व उपचार संपल्यावर काही महिन्यांनी, वर्षांनीही करता येते. आज ‘नको’ म्हटले म्हणजे दार कायमचे बंद झाले, असे नाही.

तिच्या मुख्य पद्धती दोन. पहिल्या पद्धतीत त्वचेखाली किंवा स्नायूखाली सिलिकॉनचे इम्प्लांट बसवतात. कधी आधी फुगवता येणारी पिशवी ठेवून त्वचा हळूहळू सैल करतात. ही शस्त्रक्रिया तुलनेने लहान असते. पण इम्प्लांट जन्मभर टिकेलच असे नाही. ते पुढे बदलावे लागू शकते. किरणोपचार द्यावे लागले, तर त्याभोवतीचे आवरण कडक होऊन आक्रसण्याचा संभव बराच वाढतो. दुसऱ्या पद्धतीत स्वतःच्याच शरीरातील ऊती वापरतात. पाठीचा रुंद स्नायू त्वचेसह पुढे आणतात, अथवा ओटीपोटावरील त्वचा व चरबी घेऊन स्तनाचा आकार घडवतात. असा स्तन अधिक नैसर्गिक वाटतो आणि किरणोपचारही अधिक सोसतो. मात्र शस्त्रक्रिया अनेक तासांची, जखमा दोन ठिकाणी आणि सावरायला लागणारा काळ मोठा असतो.

दोन्हींबाबत एक गोष्ट आधीच माहीत असावी. नवा स्तन कपड्यांत भरलेला दिसतो, पण पूर्वीची संवेदना त्यात फारशी परत येत नाही. हे आधी न सांगितल्यामुळे अनेकींचा पुढे हिरमोड होतो. आणि पुनर्रचनेमुळे रोग परततो किंवा परतलेला रोग लपून राहतो, ही भीती अभ्यासांनी खरी ठरवलेली नाही.

आता वयाचा प्रश्न. जन्मतारीख हे पुनर्रचना नाकारण्याचे कारण नाही. हृदय, फुप्फुसे, मधुमेहावरील नियंत्रण, वजन आणि तंबाखू यांचा विचार अधिक करावा लागतो. तंबाखूतील निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्यामुळे जखम भरत नाही, कधी बसवलेला भाग काळा पडतो. आपल्याकडे ज्येष्ठ स्त्रिया सिगारेट ओढत नाहीत म्हणून हा प्रश्न विचारलाच जात नाही. पण मशेरी अनेक घरांत असते. दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून तीन-चारदा लावली जाणारी मशेरी म्हणजे तंबाखूच. ती डॉक्टरांना सांगावी आणि शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून बंद करावी. घरच्यांनी त्यावरून टोमणे मारू नयेत; सवय जुनी असते आणि सुटताना त्रास होतो.

पुनर्रचना नको असणे हेही तितकेच सन्मान्य उत्तर आहे. सपाट छातीने आनंदाने वावरणाऱ्या स्त्रिया आहेत. अशा वेळी, त्वचेच्या घड्या न राहता छाती नीट सपाट शिवली जावी, असे शल्यविशारदांना आधी सांगून ठेवावे. ज्यांना कपड्यांत आकार हवा, त्यांच्यासाठी ब्रेसियरमध्ये घालायचे कृत्रिम स्तन मिळतात. सिलिकॉनच्या वजनदार प्रकाराने दोन्ही बाजूंचा तोल साधतो. भरदार शरीराच्या स्त्रीला त्यामुळे मान व खांद्याला आराम वाटू शकतो. घामाच्या दिवसांत हलके, सुताने विणलेले प्रकार सुखाचे वाटतात. वसईच्या दमट हवेत हा विचार गौण नाही.

तेव्हा दिरांच्या त्या प्रश्नाचे उत्तर काय? कोणी नवीन ब्लाउज नीट बसावे म्हणून पुनर्रचना मागेल. कोणी आरशासमोर उभे राहता यावे म्हणून, कोणी नवऱ्याजवळ पूर्वीसारखे निःसंकोच राहता यावे म्हणून मागेल. साठीनंतर या गोष्टी संपतात, असे बाकीचे गृहीत धरतात. तिला कोणी विचारत नाही, आणि ती आपण होऊन बोलत नाही.

सही कोणाची?

पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांपासून निदानच लपवले जाते. ‘साधी गाठ आहे’ असे सांगून आईला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेले जाते. हेतू तिला जपण्याचा असतो. पण जागी झाल्यावर छातीवर हात गेला की तिला सर्व कळते, आणि आपल्याला कोणी विचारले नाही हेही कळते.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका प्रौढ स्त्रीचे प्रकरण आले होते. तपासणीसाठी तिला भूल दिलेली असताना, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिचे गर्भाशय व बीजकोश काढले होते. जिवावर तातडीचे संकट नसताना आणि रुग्ण स्वतः निर्णय घेण्यास समर्थ असताना, तिच्याऐवजी आईने दिलेली संमती वैध नाही, असे न्यायालयाने ठरवले. मुलाची सही, नवऱ्याची सही ही सोबतीची सही आहे. शरीर जिचे, संमती तिची.

स्मृतिभ्रंशासारख्या आजारात हे अवघड होते. तरीही तिला समजेल अशा शब्दांत सांगावे, आणि तिने आधीच्या आयुष्यात काय महत्त्वाचे मानले हे आठवून निर्णय घ्यावा. प्रकृती अगदीच क्षीण असेल, तर काही जणींना केवळ संप्रेरकरोधक गोळ्यांवरही ठेवतात. परंतु धडधाकट ज्येष्ठ स्त्रीला केवळ वयाकडे पाहून शस्त्रक्रिया नाकारणे योग्य नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेत छाती किंवा पोट उघडावे लागत नसल्याने ती ज्येष्ठांनाही सहसा सोसते.

खर्चाचे गणित

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली संलग्न रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. ७० वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्डाची सोय ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधार कार्ड व शिधापत्रिका दाखवून तीन गोष्टी विचाराव्यात : शस्त्रक्रिया, औषधे आणि किरणोपचार यांपैकी काय योजनेत बसते, पुनर्रचना व इम्प्लांट बसते का, आणि दुसऱ्या टप्प्याच्या शस्त्रक्रियेचे काय. उत्तर शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी मिळवावे.

डॉक्टरांकडे जाताना

पुढील प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून न्यावेत. शक्य तर ते रुग्णानेच विचारावेत. सोबतच्याने उत्तरे लिहून घ्यावीत.

१. माझा रोग कोणत्या अवस्थेत आहे? विचार करायला किती दिवस घेता येतील?
२. माझा स्तन राखता येईल का? नसेल, तर कारण काय? आधी औषधे देऊन तो राखता येईल का?
३. किरणोपचार लागतील का? किती दिवस? माझ्या घराजवळच्या केंद्रात होतील का?
४. काखेत काय करणार? हाताला सूज येण्याचा संभव किती?
५. मला पुनर्रचना करता येईल का? आता की नंतर? प्लास्टिक सर्जनना आधी भेटता येईल का?
६. काहीच पुनर्रचना नको असेल, तर जखम कशी दिसेल?
७. मी घरची कामे, प्रवास, वजन उचलणे केव्हा सुरू करू शकेन?

घरच्यांसाठी एकच सूचना. डॉक्टरांच्या भेटीच्या आदल्या रात्री आईजवळ किंवा आजीजवळ बसावे आणि विचारावे, ‘‘तुला सर्वांत जास्त कशाची काळजी वाटते?’’ उत्तर येईपर्यंत गप्प राहावे. ते आपल्याला अपेक्षित नसेलही.

त्या आजींच्या घरी तसे झाले असते, तर पहिल्याच भेटीत हाताचा विषय निघाला असता. डॉक्टरांनी सेंटिनेल नोड बायोप्सी समजावली असती. दोन सेंटिमीटरची, संप्रेरकांवर पोसणारी गाठ असेल, तर स्तन राखता येईल आणि कदाचित किरणोपचारही टळतील, हे कळले असते. ‘पुनर्रचना करावी का’ हा वाद मग उभाच राहिला नसता. किंवा सर्व ऐकून आजी म्हणाल्या असत्या, ‘‘नको, काढून टाका, मला त्यात शांत झोप लागेल.’’ तोही निर्णय चांगलाच होता, कारण तो त्यांनी सर्व समजून घेतला असता.